धोका पातळीकडे

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला तारीख विचारली तर एखादेवेळी तो अडखळेल, पण पंचगंगा किती फुटांवर आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. हे दोन आकडे आमच्याकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. नदी पात्राबाहेर आली की लोक घाटावर पाणी बघायला जातात, पोरांना खांद्यावर घेऊन. ३९ ला बायका माळ्यावरची जागा रिकामी करायला लागतात. ४३ म्हटलं की मग कुणी कुणाला काही विचारत नाही, प्रत्येक जण आपापलं सामान बांधतो.

मी पुण्याला येऊन वीस वर्षं झाली, पण जून ते सप्टेंबर माझा जीव कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतच असतो. आई-बाबा अजून तिथल्याच घरात राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात माणूसभर पाणी होतं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळे मला इकडून निघताही येत नव्हतं. त्या पाण्यात आईचं शिलाई मशीन गेलं, बाबांची पुस्तकं गेली, आमच्या शाळेच्या दाखल्यांची पेटी गेली. हे आधी सांगते, कारण पुढे जे घडलं ते ऐकून लोक पोट धरून हसतात. मलाही हसू येतं. पण त्या सकाळी माझे हात का थरथरले ते या पाण्याशिवाय कळणार नाही.

त्यानंतरच्या एका जुलैतली गोष्ट. सकाळचे पावणेसात. गॅसवर चहा, दुसऱ्या शेगडीवर डब्याची भाजी, हातात मोबाईल. चुलतभावाने कुटुंबाच्या ग्रुपवर पेपरच्या पहिल्या पानाचा फोटो टाकला होता. मी फोटो मोठा न करताच मथळ्यावरून नजर फिरवली. पंचगंगा, धोका, पातळी. तीन शब्द दिसले आणि मला बाकीचं सगळं कळलं असं वाटलं. मी लगेच ग्रुपवर लिहिलं, ‘पंचगंगेने धोका पातळी ओलांडली. बाबा, सामान वर हलवा. मामा, टेम्पो बघ.’ मग भाजी परतली, डबा भरला आणि कंपनीची बस पकडली.

मथळा होता ‘पंचगंगा धोका पातळीकडे’.

खालच्या मजकुरात पाणी ३८ फूट २ इंचांवर असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे इशारा पातळीलाही दहा इंच कमी. आणि सहाव्या ओळीत, अगदी स्पष्ट शब्दांत, धरणक्षेत्रात पावसाचा जोर ओसरल्याने रात्रीपासून पातळी स्थिर असल्याचंही छापलेलं होतं.

बाबांनी तो पेपर उघडलाच नव्हता. पावसामुळे पेपरवाला उशिरा आला आणि त्याआधी माझा निरोप पोहोचला. मुलगी पुण्यात आहे, शिकलेली आहे, उगाच घाबरवणार नाही, असा त्यांचा माझ्यावर विश्वास. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात. त्यांनी शेजारच्या दोन पोरांना हाक मारली, दोन कॉट एकावर एक ठेवल्या आणि त्यावर फ्रिज चढवला. आईने धान्याचे डबे माळ्यावर नेले, देवघरातले देव टोपलीत घेतले, लोणच्याची बरणी साडीत गुंडाळली. मामा राजारामपुरीतून टेम्पो घेऊन आला. टेम्पो दारात लागलेला गल्लीने पाहिला आणि गल्लीत दुसरा कुठलाच पुरावा लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने साखरेची पोती वर घेतली. समोरच्यांनी स्कूटर टेम्पोत घालायची का म्हणून विचारलं.

आणि शेजारच्या काकूंनी म्हैस सोडली. काकूंची म्हैस म्हणजे गल्लीतलं मोठं प्रस्थ. गल्लीतल्या निम्म्या घरांचा चहा तिच्या दुधावर चालतो. २०१९ ला तिला छातीभर पाण्यातून काढताना काकूंचं निम्मं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे या वेळी त्यांनी क्षणाचाही उशीर केला नाही. पावसात डोक्यावर पोतं घेऊन म्हशीला रंकाळ्याच्या बाजूला बहिणीच्या दारात नेऊन बांधलं. नव्या जागी म्हैस बुजली. दोन दिवस तिने दूध चोरलं.

दहाच्या सुमारास पेपर आला. बाबांनी भिंग लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बातमी वाचली, मग पुन्हा एकदा वाचली, आणि गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली. मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. बाबा रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “बाळ, ‘कडे’ लिहिलंय. पातळीकडे. ओलांडली नाही.” मागून काकूंचा आवाज आला, “अगं पोरी, मी तर म्हशीला घेऊन पोचलो बी हुतो!” कोल्हापुरात बायकाही अशाच बोलतात, ‘मी आलो, मी गेलो’. एवढ्या लांबून ते ऐकताना मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. फ्रिज खाली उतरवायला चार माणसं लागली. त्यातल्या एकाची कंबर धरली. त्याला मी आजही भेटले की आधी कंबरेचं विचारते.

‘कडे’ ही दोन अक्षरं माझ्या नजरेतून कशी सुटली, याचा मी त्यानंतर बराच शोध घेतला. मला ते खरंच समजून घ्यायचं होतं, कारण वाचन हा माझा लहानपणापासूनचा आनंद आहे आणि मी चांगली वाचते असं मी धरून चालले होते. शिवाय कॉलेज संपल्यावर मी एका शिबिरात ‘वेगवाचन’ शिकले होते. सात दिवसांचं शिबिर होतं. मनात शब्द उच्चारू नका, मागे वळून पाहू नका, ओळीच्या मध्यावरून बोट खाली न्या, डोळे आपोआप सगळं टिपतात, असं तिथे शिकवलं. या पद्धतीचं मूळ अमेरिकेत आहे. युटा राज्यातल्या एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ साली ‘रीडिंग डायनॅमिक्स’ नावाने याचे वर्ग सुरू केले आणि ते जगभर पसरले. मला ते शिबिर इतकं आवडलं होतं की पेपर मी तेव्हापासून तसाच वाचत आले. अकरा मिनिटांत बारा पानं.

डोळ्यांचं काम मात्र तसं चालत नाही. एकोणिसाव्या शतकात लुई एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्याच्या काळापासून हे माहीत आहे की वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत नाही, ती टुणटुण उड्या मारते. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकते, मग पुढची उडी. उडी चालू असताना डोळ्याला काही वाचता येत नाही. आणि टेकलेली असतानाही अगदी स्पष्ट दिसणारा भाग किती? हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, साधारण तेवढा. आजूबाजूचं सगळं धूसर. त्या धूसर भागातली अक्षरं मन आपल्या अंदाजाने पूर्ण करतं. अंदाज बांधायला मनाला काय लागतं? आधीची भीती, आधीची आशा. माझ्या मनात २०१९ होतं, म्हणून मला धोका पातळी ‘ओलांडलेली’ दिसली.

वाचताना नजर अधूनमधून मागे वळते. शिबिरात याला दोष म्हटलं होतं. २०१६ साली मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वेगवाचनावरचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्याचं सार असं की वेग आणि समज यांतलं एक वाढवलं की दुसरं कमी होतं, आणि मागे वळणारी नजर बहुतेकदा समज दुरुस्त करायलाच वळलेली असते. मी वर्षानुवर्षं तीच बंद करत आले होते.

पण त्या आढाव्याहून मला जास्त खिळवून ठेवलं ते एका छोट्या निरीक्षणाने. इंग्रजी वाचणाऱ्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की नजर शब्दावर टेकते ती मध्याच्या जरा अलीकडे, सुरुवातीच्या बाजूला. हे वाचलं आणि मी आपल्या मराठीकडे पाहिलं. आपण शब्दाचा जीव कुठे ठेवतो? शेवटी! शाळेत ‘स, ला, ते’ घोकून घेतलं, शब्दयोगी अव्ययं पाठ करून घेतली, तेव्हा कधी वाटलं नाही की यांच्यावर एखादी म्हैस गल्लीत राहणार की रंकाळ्याला जाणार हे ठरेल. पातळीवर, पातळीकडे, पातळीखाली, पातळीपर्यंत. शब्दाची सुरुवात एकच आणि बातमी चार प्रकारची. वाक्याचंही तेच. मराठी वाक्य शेवटपर्यंत आपला निर्णय सांगत नाही. ‘मुख्याधिकाऱ्यांनी ठेकेदाराला पाणीपुरवठा योजनेचं बिल’ इथपर्यंत वाचून काय कळलं? दिलं, नाकारलं, अडवलं, काहीही असू शकतं. आणि सगळ्यात जड शब्द, ‘नाही’, आपण सगळ्यात शेवटी बसवतो. मला हे फार सुंदर वाटतं. बोलणाऱ्याने वाक्य संपवेपर्यंत ऐकणाऱ्याला थांबावंच लागतं अशी ही भाषा आहे. फक्त आपली नजर थांबायला तयार नसते.

माझ्या मुलाचंच घ्या. सातवीत होता. धो-धो पावसात रात्री एक पत्रक फिरत आलं, ‘उद्या शाळांना सुटी जाहीर केल्याचे वृत्त खरे नाही’. त्याने ‘उद्या शाळांना सुटी जाहीर’ एवढं वाचलं आणि मित्रांना कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गात नऊ मुलं होती. बाईंनी त्या नऊ जणांना गरम शेंगा दिल्या, आणि बाकीच्यांना अख्खं पत्रक वहीत दहा वेळा लिहायला दिलं. त्याने ते लिहिताना शेवटच्या ‘नाही’खाली दर वेळी लाल रेघ ओढली होती. ती वही मी जपून ठेवली आहे.

मामाची गोष्ट मात्र याहून गोड आहे. आमच्याकडच्या पेपरांत निधनवार्ता आणि वाढदिवसाच्या जाहिराती यांचं रूप बरंचसं सारखं असतं. मध्ये फोटो, भोवती फुलांची महिरप, खाली मोठ्या अक्षरांत नाव, मग शुभेच्छुकांची किंवा शोकाकुलांची लांबच लांब यादी. मामा सकाळी पेपर हातात घेतला की आधी रक्षाविसर्जनाच्या वेळा बघतो. कुणाच्या दारावर जायचं राहू नये ही त्याची तळमळ, आणि तो कुणाचंही चुकवत नाही. एके दिवशी त्याला त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोटो दिसला. फुलं दिसली, नाव दिसलं. डोळे भरून आले, त्यामुळे पुढचं दिसलं नाही. पांढरी टोपी घालून, हार घेऊन, दोन वर्गमित्रांना उठवून तो आठ वाजता सरांच्या दारात हजर झाला.

दार सरांनी उघडलं.

अमृतमहोत्सवी वर्षात पदार्पण, असं त्या जाहिरातीत लिहिलं होतं. मामा सांगतो, “मला एक क्षण काही सुचेना. मग मी तो हार सरांच्याच गळ्यात घातला आणि पायांवर डोकं ठेवलं. आणि रडलो गं, खरोखर रडलो.” सरांना वाटलं, पन्नास वर्षांनी विद्यार्थ्याला किती ही माया. त्यांनी तिघांना आत बसवलं, पेढे दिले, मामाच्या दहावीच्या गणिताचे मार्क तोंडपाठ सांगितले. पंधरा दिवसांनी मामाला राहवलं नाही, त्याने जाऊन खरं काय ते सांगितलं. सर इतके हसले की त्यांच्या मुलीला पाणी घेऊन यावं लागलं. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या मागं तू येणार हे मला आता पक्कं कळलं.” तेव्हापासून मामा दर महिन्याला त्यांच्याकडे जातो.

असं होतं ते फक्त घाईच्या सकाळी, भाजी परतताना होतं असंही नाही. २८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावर निकाल दिला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात आधी असं होतं की प्रत्येकाने विमा घ्यावा ही सक्ती व्यापारविषयक अधिकाराखाली टिकत नाही. सीएनएन आणि फॉक्स न्यूज या दोन्ही वाहिन्यांनी तेवढंच वाचून सक्ती रद्द झाल्याची बातमी देऊन टाकली. पुढे रॉबर्ट्स यांनी लिहिलं होतं की हीच तरतूद कर म्हणून मात्र वैध ठरते. कायदा पाच विरुद्ध चार मतांनी टिकला होता. खुद्द ओबामांनी आधी टीव्हीवर हरल्याची बातमी पाहिली आणि त्यांच्या कायदेशीर सल्लागाराने येऊन जिंकल्याचं सांगितलं. ते निकालपत्र इंग्रजीत होतं, पण मला ते मराठी वाक्यासारखं वाटतं. क्रियापद शेवटी.

आणि आमच्या सोसायटीतल्या आजी. १९ मे २०२३ च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं. नोट वैध राहणार होती, बदलून घ्यायला ३० सप्टेंबरपर्यंत मुदत होती. पण २०१६ च्या नोव्हेंबरच्या रांगा कोण विसरलंय? आजींनी फोनवर ‘दोन हजारांच्या नोटा’ एवढं वाचलं आणि मसाल्याच्या डब्यामागच्या तीन नोटा घेऊन दुकान गाठलं. एकट्या राहणाऱ्या आजींनी तेलाचा पंधरा किलोचा डबा, साखर, बेसन आणि उरलेल्या पैशांचे साबण घेतले. पुढे दिवाळीपर्यंत आमच्या जिन्यात कायम चकलीचा वास असायचा. सोसायटीतल्या प्रत्येक मुलाला आजी चकल्या देत. त्या डब्याने त्यांना जिन्यातल्या सगळ्या घरांशी जोडलं, ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण त्या संध्याकाळी त्या किती घाबरल्या होत्या तेही मी पाहिलं आहे. दुकानात पिशवी धरताना त्यांची बोटं पांढरी पडली होती.

मी अकरा मिनिटांत बारा पानं वाचायचे ते सगळं माहीत असावं म्हणून. कुठल्या गप्पांत आपण मागे पडू नये म्हणून. आता मी दोन पानं वाचते. ज्या बातमीत माणसं आहेत ती शेवटच्या ओळीपर्यंत. मथळा मी आता ओठ हलवून वाचते, बसमध्ये शेजारी कुणी बसलं असलं तरी. ‘आरोपी’ असेल तर त्यापुढे ‘निर्दोष’ आहे का ते बघते. ‘मृत्यू’ असेल तर त्यापुढे ‘ची अफवा’ आहे का ते बघते. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तिथे एक श्वास घेते. कितीतरी बातम्या माझ्या हातून सुटतात, आणि सुटू दे. कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा सापडला, हे छापणाऱ्याने पूर्ण वाक्यात छापलेलं असतं. ते वाक्य पूर्ण वाचण्याइतका वेळ माझ्याकडे आहे. काकूंनी तर पावसात डोक्यावर पोतं घेऊन अर्धं शहर ओलांडलं होतं, माझ्या न वाचलेल्या दोन अक्षरांसाठी.

बाबांनी त्या वर्षापासून एक पद्धत पाडली आहे. पावसाळ्यात रोज सकाळी सातला ते मला फोन करतात. पेपर समोर, हातात भिंग. आधी राजाराम बंधाऱ्याचा आकडा, मग राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडे, मग पाण्याखाली गेलेले बंधारे, एकेक नाव घेऊन. ते सावकाश वाचतात, शाळेत धडा वाचायचे तसे. मी गॅस बंद करून ऐकते. मागून कधी काकूंची हाक येते, कधी म्हशीची.

परवा पुण्यातही रात्रभर पाऊस होता. सात वाजता फोन आला.

“पंचगंगा,” बाबा वाचायला लागले, “सकाळी सहा वाजता, इशारा पातळीच्या…”

आणि थांबले. बहुधा भिंग पुसत असावेत. खिडकीबाहेर कंपनीच्या बसने हॉर्न दिला. मी फोन कानाला लावून उभी राहिले.

“…दोन फूट खाली.”